एकमताची किंमत कोण मोजतो?

अमेरिकेच्या राजकारणात कडवटपणा वाढला की तिथले संपादक, प्राध्यापक आणि निवृत्त पुढारी एकच उपाय सुचवतात : डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांनी भांडण सोडावे, एकमताने कायदे करावेत, म्हणजे लोकशाही सावरेल. ऐकायला हे गोड लागते. मला मात्र गावची चावडी आठवते. 'गावात एकोपा आहे' असे चावडीवर बसलेले सांगत. खाली उभे असलेल्यांना कुणी विचारत नसे. म्हणून एकोप्याची भाषा कानावर आली की मी आधी विचारतो : ठरवायला बसले कोण, आणि बाहेर ठेवले कोणाला?

दलित पँथरने १९७२ साली ज्या काळ्यांच्या लढ्यातून आपले नाव घेतले, त्या काळ्यांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. यादवी युद्धानंतर काळ्या पुरुषांना मताधिकार देणारी पंधरावी घटनादुरुस्ती अमेरिकन काँग्रेसने १८६९ साली मंजूर केली. १८७० साली ती घटनेचा भाग झाली. काँग्रेसमधील एकाही डेमोक्रॅट सभासदाने तिच्या बाजूने मत दिले नाही. आजच्या भाषेत ती निव्वळ 'एकपक्षीय' दुरुस्ती ठरेल. दोन्ही पक्षांच्या संमतीची वाट पाहिली असती, तर हा हक्क तेव्हा मिळालाच नसता.

आता दोन्ही पक्षांच्या समझोत्याचे उदाहरण पाहू. १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली. फेब्रुवारी १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलात दोन्ही बाजूंचे पुढारी बसले. रिपब्लिकन हेझ अध्यक्ष होतील, आणि दक्षिणेतील सरकारांना केंद्राच्या फौजेचा आधार राहणार नाही, असा सौदा झाला. हॉटेलचा मालक जेम्स वर्मली स्वतः काळा होता; पण सौद्याच्या मेजाशी काळ्यांना जागा नव्हती. एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना येथील पहारे उठले. पुढे १८९० साली मिसिसिपीने नव्या राज्यघटनेत मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा घातली. दक्षिणेतील इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. दोन पक्षांत शांतता नांदली. तिची किंमत काळ्या माणसाने १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत मोजली.

यावर कुणी म्हणेल, १९६४ चा नागरी हक्क कायदा दोन्ही पक्षांनीच केला ना? खरे आहे. सिनेटमधील अडवणूक ७१ विरुद्ध २९ मतांनी मोडली. त्या ७१ मध्ये ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन होते. पण विरोधातही दोन्ही पक्षांचे लोक होते. शिवाय त्याआधी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर काळ्यांच्या मुलांवर पाण्याचे झोत आणि कुत्री सोडली गेली होती. ते एकमत मनधरणीने आलेले नव्हते. लढ्याने ते भाग पाडले होते.

उलट १९८६ साली दोन्ही पक्षांनी मोठ्या उत्साहाने अमली पदार्थविरोधी कायदा केला. पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान शिक्षा, तीच पाचशे ग्रॅम कोकेन पावडरीला! क्रॅकसाठी केंद्रीय कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांत बहुसंख्य काळे होते. हे प्रमाण १०० वरून १८ वर यायला २०१० साल उजाडले.

मतदान हक्क कायद्याला २००६ साली सिनेटने ९८ विरुद्ध ० अशी मुदतवाढ दिली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याचा कणा काढला. तो पुन्हा बसवण्याचा प्रयत्न जानेवारी २०२२ मध्ये सिनेटमधील साठ मतांच्या अटीपाशी अडला. ती अट बाजूला सारायला मँचिन आणि सिनेमा या दोन डेमोक्रॅट सिनेटरांनीच नकार दिला. दोन्ही पक्षांची संमती हवी, हा त्यांचा आग्रह होता. म्हणजे हक्क हिरावणाऱ्याच्या परवानगीशिवाय हक्क परत द्यायचा नाही!

मी भांडणाचा पुरस्कर्ता नाही. दोन पक्ष मिळून न्याय करत असतील तर आनंदच आहे. पण कायद्याखाली किती पक्षांच्या सह्या आहेत, ही न्यायाची कसोटी नव्हे. त्या कायद्याने कोणाचा हक्क वाढला आणि कोणाचा गेला, हे आधी तपासले पाहिजे. एकोप्याचे गुणगान त्यानंतर करावे.