न दिसणारे कलावंत

थोडा वेळ डोळे मिटून बसा. घरात कोण बोलत आहे ते तुम्हांला चेहरा न पाहता ओळखता येईल. अम्मी रागावल्या आहेत की नुसत्याच रागावल्याचे दाखवीत आहेत, हेसुद्धा कळेल! एवढी माहिती एकट्या आवाजात असते. त्या आवाजावरच ज्यांनी आयुष्यभर काम केले, अशा दोन माणसांची ही ओळख आहे.

बाळ कुडतरकर हे मुंबई आकाशवाणीचे नामवंत कलावंत आणि निर्माते. 'पुन्हा प्रपंच' ही त्यांची विनोदी श्रुतिका एके काळी मराठी घराघरांत ऐकली जाई. श्रुतिका म्हणजे कानांनी पाहायचे नाटक. तिच्यात पात्रे तीनच. पंत स्वतः कुडतरकर, मीनावहिनी नीलम प्रभू आणि टेकाडे भावजी प्रभाकर जोशी. घरात बसून तिघे रोजच्या अडचणींवर बोलत आणि ऐकणारे हसत. २०१७ साली कुडतरकर वारले, तेव्हाही जुन्या श्रोत्यांना आठवले ते पंतच.

असे हसविणे सोपे नाही. रंगमंचावरचा नट तोंड वाकडे करून हसवू शकतो. रेडिओवर ती सोय नाही. समोर श्रोतेही नसतात, म्हणून वाक्यानंतर किती थांबायचे ते अंदाजानेच ठरवावे लागते. क्षणभर लवकर बोलले तर विनोद वाया जातो. कानात सांगायचे असेल तर माइकजवळ यायचे, ओरडायचे असेल तर मागे सरायचे. हातातल्या कागदाची सळसळही ऐकू येता कामा नये. घोडा दौडत आला पाहिजे, तर नारळाच्या दोन करवंट्या आपटतात. निर्माता मात्र काचेपलीकडे घड्याळ घेऊन बसतो. संहिता निवडणे, आवाज निवडणे, तालीम घेणे आणि कार्यक्रम ठरलेल्या मिनिटांत बसविणे हे त्याचे काम. दोन पात्रांचे आवाज सारखे असले तर श्रोत्याचा गोंधळ होतो, म्हणून आवाजाची निवड फार महत्त्वाची.

दुसरे नाव तुमच्या वडीलधाऱ्यांना नक्की माहीत असेल. अमीन सायानी! १९३२ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. त्यांच्या आई कुलसुम सायानी प्रौढांना साक्षर करण्यासाठी 'रहबर' नावाचे पत्र काढीत. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. लहानगा अमीन त्या कामात आईला मदत करी. साधी, सर्वांना समजणारी हिंदुस्तानी त्याला तेथेच मिळाली. तरीही हिंदी निवेदकाच्या चाचणीत तो नापास झाला. उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा आहे, असे त्याला सांगण्यात आले. पुढे १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि कोलंबोहून प्रसारित होई. "बहनों और भाइयों" ही त्यांची हाक देशभर ओळखली जाऊ लागली. जाहिरातींनाही त्यांनी हजारो वेळा आवाज दिला. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

उच्चाराचा प्रश्न आपल्यालाही आहेच. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून आपल्यातले कितीतरी जण आपल्या गावाला 'बालापूर' म्हणतात. (उलट तुमच्या मराठी मित्रांना 'क़लम' म्हणायला सांगून पाहा!) एकदा आमच्या वर्गात आम्ही चादर बांधून तिच्याआड एक श्रुतिका वाचली. उच्चाराला सगळे हसतात म्हणून नेहमी मागच्या बाकावर गप्प बसणारी एक मुलगी त्यात बाजारातली भांडकुदळ म्हातारी झाली होती. 'ळ' आला की जीभ मागे वळवून टाळूला लावायची, एवढे तिला सांगितले होते. आठ दिवस ती घरी 'केळी, बाळ, आखाडा बाळापूर' घोकत होती. चादरीआडून म्हातारीचा आवाज आला तेव्हा वर्ग खदखदून हसला, पण म्हातारीला. आवाज कोणाचा, हे चादर सोडेपर्यंत कोणालाच ओळखता आले नाही.