काठी आधी पायात, मग हातात

शाओलिनचा एखादा तरी पिक्चर पाहिला नाही असा इंजिनिअरिंगचा मुलगा सापडणं कठीण. पिक्चर संपला की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये अर्धा तास झाडूचे दांडे फिरतात. पण अशीच एक विद्या आपल्याकडेही आहे. तिचं नाव मर्दानी खेळ. मी कोल्हापूरचा. तिथे लहानपणी ती थोडीफार शिकलो, पण कळली मात्र रत्नागिरीत येऊन. कशी, ते सांगतो.

मर्दानी खेळात लाठी, फरी-गदगा, विटा, बोथाटी, दांडपट्टा असे प्रकार येतात. फरी म्हणजे ढाल आणि गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी. तलवारीचा सराव यावर होतो. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकून परत ओढता येणारा. दांडपट्ट्याला तर २०२४ साली महाराष्ट्र शासनाने राज्यशस्त्राचा मान दिला.

आमचे वस्ताद पहिले सहा महिने फक्त पवित्रे करून घ्यायचे. गुडघे वाकवून, कंबर खाली, पुढे-मागे-बाजूला पावलं. एकदा मी वैतागून विचारलं, "वस्ताद, काठी कधी देणार?" म्हणाले, "पाय बोलाय लागले की दीन."

शाओलिनमध्येही सुरुवात घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यानेच होते. कारण साधं आहे. दांडपट्ट्याची मूठ कोपराकडे जाणाऱ्या लोखंडी खोबणीत असते, त्यामुळे मनगट वळतच नाही. वार खांद्यातून, कंबरेतून, म्हणजे शेवटी पायांतूनच येतो. पाय चुकला की पातं चुकलं.

आता थोडं मेकॅनिक्स. काठी मध्यावर धरून फिरवली तर जडत्व आघूर्ण एमएल वर्ग भागिले बारा. टोकाला धरली तर भागिले तीन, म्हणजे चौपट! दीड मीटरची काठी सेकंदाला दोन फेऱ्या फिरली, तर मध्यावर धरल्यास टोकाचा वेग ताशी ३४ किलोमीटर, टोकाला धरल्यास ६८. म्हणून नवशिक्याने मध्यावरच धरायची. आणि काठी दीड मीटर, हात पाऊण मीटर धरला, तर सव्वादोन मीटरच्या वर्तुळात कोणी येता कामा नये.

हे सगळं मला माहीत होतं. तरी सेकंड इयरला गॅदरिंग दोन आठवड्यांवर आलं, तेव्हा रूम पार्टनरला मी दुसऱ्याच दिवशी काठी दिली. पवित्रे शिकवायला वेळ कुठे होता? प्रॅक्टिसमध्ये त्याने उजव्याऐवजी डावा पाय टाकला आणि तो माझ्या वर्तुळात आला. भुवईवर चार टाके. डोळा वाचला तो बोटभर अंतराने. त्याची आई चिपळूणहून आली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आयटम रद्द झाला. पण टाके निघाल्यावर तोच म्हणाला, "चल, आता नीट शिकव."

मग आम्ही ओहोटी बघून भाट्याच्या किनाऱ्यावर जायला लागलो. ओली वाळू खोटं बोलत नाही. पाऊल टाकलं की ठसा उमटतो: टाच खोल गेली तर वजन मागे आहे, ठसा फरफटला तर पाय ओढला. आधी माझेच ठसे बघितले. अर्धे चुकलेले! सहा महिने वस्ताद काय करून घेत होते, ते तिथे कळलं.

आमचा क्रम असा: एक महिना नुसते पवित्रे. मग रिकाम्या हाताने फिरकी. मग काठी, मध्यावर धरून, सावकाश. आवाज यावा म्हणून जोर लावायचा नाही. डावा हात उजव्याइतका झाल्यावर जोडीने. काठी माणग्याची, हा कोकणातला बांबू भरीव असतो. उंची आपल्या कानापर्यंत. तडा गेलेली काठी लगेच बाद.

ज्याला शिकायचंय त्याने रविवारी ओहोटीच्या वेळेला भाट्याला यावं. काठी आणू नका.