स्त्रियांची व्यसनमुक्ति

व्यसन म्हटलें कीं मद्यपी पुरुषच डोळ्यांपुढें येतो. व्यसनी स्त्रीचें नांव घरांतही काढलें जात नाहीं. वस्तुतः स्त्रीच्या शरीरांत जलांश कमी असल्यामुळें तेवढ्याच मद्याचें तिच्या रक्तांतील प्रमाण अधिक होतें व यकृतास अपाय लवकर पोंचतो. जुनें मद्यपान एकाएकीं सोडल्यास कंप, झटके व भ्रम उद्भवून प्रसंगीं प्राणावर बेततें. म्हणून आरंभीं वैद्यांच्या देखरेखीखालीं राहणें इष्ट. पुढें समुपदेशन व नियमित दिनक्रम यांनीं मन सांवरतें.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साह्यानें १९८६ सालीं पुण्यास ‘मुक्तांगण’ स्थापिलें. स्त्रियांसाठीं तेथें ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग पुढें निघाला. परंतु जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरील, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या मातेनें मुलें कोणाच्या हवालीं करून इतक्या दूर जावें? तिच्या उपचारांचा आरंभ जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयांत व्हावा, निवासांत मुलांस सोबत जागा मिळावी, आणि परतल्यावर गांवच्या आशाताईंनीं विचारपूस ठेवावी. दोष देणें सोपें आहे. वाट जवळ आणणें हें समाजाचें कर्तव्य होय.