विरजणाची अट

शेजारणीकडून चमचाभर विरजण आणावे आणि पातेलेभर दही लावावे. त्याचे पैसे कोणी मागत नाही. मात्र उद्या दुसरी कोणी वाटी घेऊन दारात आली, तर तिला नाही म्हणू नये, एवढाच संकेत. संगणकाच्या जगात हा संकेत कायद्याच्या भाषेत लिहिला गेला. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांच्या 'जीपीएल' या परवान्याची पहिली आवृत्ती १९८९ साली निघाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९२ मध्ये 'लिनक्स' त्याच परवान्याखाली आणले.

मुक्त म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे बिनशर्त, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. लेखकाचा कॉपीराइट कायम राहतो. परवाना म्हणजे त्याने दिलेली सशर्त परवानगी. 'एमआयटी' परवान्याची अट साधी आहे: कॉपीराइटची नोंद आणि परवान्याचा मजकूर पुसू नका. जीपीएल पुढे जातो. सॉफ्टवेअरमध्ये हवे ते बदल करून ते स्वतःपुरते वापरा, कोणाला सांगायची गरज नाही. पण ते दुसऱ्याच्या हाती दिलेत, तर परवान्याची प्रत द्या आणि आपल्या बदलांसह सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारी मूळ लिखावट, मिळण्याची सोय करा.

ही अट न पाळल्यास काय होते? २००३ मध्ये लिंकसिस कंपनीच्या घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचे जाणकारांनी शोधून काढले. तक्रारी झाल्या आणि कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी जुने राउटर त्याच्यामुळे कामात राहिले. त्याच वर्षी म्युनिकच्या न्यायालयाने हाराल्ड वेल्टे यांच्या अर्जावर, अटी पाळल्याखेरीज ते सॉफ्टवेअर वितरित करण्यास साइटकॉम कंपनीला मनाई केली.

पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, असा हा प्रश्न आहे. मूळ लिखावट हाती असेल, तर ती वस्तू दुरुस्त करता येते. नसेल, तर कंपनीच्या मर्जीवर राहावे लागते.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'कायदेशीर माहिती' या सदराखाली परवान्यांची एक लांबलचक यादी असते. आपण ती कधी उघडत नाही. आज सवडीने उघडून पाहा. आपल्या घरचे विरजण कोणाकोणाकडून आले, ते तिथे लिहिलेले आहे.