भाजीपाला पिकांतील जनुकीय विविधता व जनक वाणांची निवड : भेंडीचे उदाहरण

प्रस्तावना : भाजीपाल्याचा सुधारित वाण तयार करताना पहिला प्रश्न जनक वाण निवडण्याचा असतो. दोन्ही वाण एकसारखेच असतील तर त्यांच्या संततीत निवडीला वाव उरत नाही. म्हणून त्यांच्यात जनुकीय अंतर असावे लागते. ते मोजण्यासाठी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेली ‘डी-स्क्वेअर’ पद्धत वापरली जाते. झाडाची उंची, फळाची लांबी, फुलोऱ्यास लागणारे दिवस अशा अनेक गुणांचा एकत्रित विचार करून वाणांचे गट पाडतात व वेगवेगळ्या गटांतून जनक निवडतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन वाण दूरदूरच्या गावांचे असले म्हणजे त्यांच्यात जनुकीय अंतर असतेच असे नाही.

भेंडीचा अनुभव : पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या हळद्या रोगाने भेंडीची पाने व फळे पिवळी पडतात. या रोगावर उपाय म्हणून बंगालमधील ‘आयसी-१५४२’ आणि ‘पुसा मखमली’ यांच्या संकरातून ‘पुसा सावनी’ हा वाण निघाला. तो लोकप्रिय झाला. परंतु पुढे तोही रोगास बळी पडू लागला. तेव्हा पैदासकारांना लागवडीच्या भेंडीबाहेर, तिच्या रानटी नातलगांकडे वळावे लागले.

परभणी हा एकेकाळी हैदराबाद संस्थानातील जिल्हा. तेथील कृषी विद्यापीठात जांभळे व नेरकर या संशोधकांनी ‘पुसा सावनी’चा संकर ‘एबलमोस्कस मॅनिहॉट’ या जवळच्या जातीशी केला. अशा दूरच्या संकरात वंध्यत्वाची अडचण येते, शिवाय नको असलेले गुणही सोबत येतात. म्हणून संततीचा लागवडीच्या भेंडीशी पुन्हा संकर करून पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. या मार्गाने १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण मिळाला.

निष्कर्ष : जनक निवडताना केवळ अंतर पाहून भागत नाही. एका जनकात उत्पादन व चव, तर दुसऱ्यात हवा असलेला नेमका गुण असावा लागतो. प्रतिकारशक्तीही कायमची नसते. ‘परभणी क्रांती’वरही पुढे अनेक ठिकाणी हळद्या आढळला. दर वेळी नवा जनक शोधावा लागणार असेल, तर गावठी व रानटी वाण शिल्लक असले पाहिजेत. हैदराबादच्या राजेंद्रनगर येथे राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे प्रादेशिक केंद्र याच कामासाठी आहे. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांकरवी घरोघरचे गावठी बियाणे, त्याचे नाव व गाव यांची नोंद करून घ्यावी. वाण नाहीसा झाल्यावर अशी नोंद करता येत नाही.