अपेंडिक्सचं ऑपरेशन दुर्बिणीतून करावं की चिरा देऊन? निवड कशावर ठरते?

आधी बेंबीभोवती मोघम दुखतं, भूक जाते, एखाद-दुसरी उलटी होते. काही तासांनी दुखणं पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला येऊन थांबतं आणि खोकलं तरी कळ येते. अपेंडिक्सला सूज आल्याची ही नेहमीची लक्षणं. तपासणी, रक्ताचा रिपोर्ट आणि सोनोग्राफीनंतर डॉक्टर ऑपरेशन सांगतात आणि घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो: जवळच्या रुग्णालयात चिरा देऊन ऑपरेशन करून घ्यायचं, की दुर्बिणीसाठी मोठ्या शहरात जायचं?

जालना जिल्ह्यात हा प्रश्न फक्त पद्धतीचा नाही. मंठा किंवा परतूरहून जालना गाठायलाच तासाहून जास्त वेळ लागतो आणि तिथून छत्रपती संभाजीनगर आणखी साधारण ६० किलोमीटर आहे. म्हणून दोन्ही पद्धतींत खरा फरक किती, हे आधी समजून घ्यायला हवं.

दोन्ही पद्धतींत नेमकं काय करतात?

लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे बोटाएवढी एक नळी लोंबत असते. तेच अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ. त्याचं तोंड बंद झालं की आत जंतू वाढतात, सूज येते, पू होतो आणि शेवटी ते फुटू शकतं.

चिऱ्याच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला काही सेंटिमीटरचा छेद घेतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा तीन छोटी छिद्रं पाडतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, एका छिद्रातून कॅमेरा आणि उरलेल्यांतून अवजारं आत घालतात.

पोटाच्या आतलं काम दोन्हीकडे सारखंच असतं. अपेंडिक्सची रक्तवाहिनी बंद करायची, ते बुंध्याशी बांधायचं आणि कापून बाहेर काढायचं. फरक आहे तो आत जाण्याच्या वाटेचा.

या पद्धती आल्या कुठून?

उजव्या बाजूचा तिरका छेद अमेरिकन सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १८९४ मध्ये तो मांडला. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९८० मध्ये जर्मनीत कुर्ट झेम यांनी केलं. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि त्या वेळी अनेक सर्जननी त्यांच्यावर सडकून टीका केली होती.

भारतात हे तंत्र रुजवण्याचं मोठं श्रेय मुंबईचे डॉ. तेहेमतन उदवाडिया यांना जातं. १९७२ पासून त्यांनी जे. जे. रुग्णालयात पोटाच्या तपासणीसाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली. १९९० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. देशातलं तसं ते पहिलं ऑपरेशन मानलं जातं.

अभ्यास काय सांगतात?

कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना करणारे ८५ अभ्यास एकत्र तपासले. मोठ्या माणसांमध्ये दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी दुखणं कमी होतं. जखमेत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता निम्म्याहून कमी होती. रुग्णालयातला मुक्काम सुमारे एक दिवसाने घटला आणि माणूस साधारण पाच दिवस लवकर रोजच्या कामाला लागला. रोजंदारीवर पोट असणाऱ्यासाठी हे पाच दिवस फार मोठे आहेत.

पण एक गोष्ट उलटी दिसली. पोटाच्या आत पू साठण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर काहीसं जास्त होतं. शिवाय आत भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो. त्याला घाबरायचं कारण नसतं.

निदान पक्कं नसेल तर दुर्बिणीचा आणखी एक फायदा होतो. स्त्रियांमध्ये अंडाशयाच्या गाठीचं दुखणं अपेंडिक्ससारखंच वाटू शकतं. कॅमेऱ्यातून दोन्ही पाहता येतं. लठ्ठ रुग्णांतही मोठा छेद टळतो.

मग चिऱ्याचं ऑपरेशन मागासलेलं का?

नाही. दुर्बिणीसाठी यंत्रसामग्री लागते, त्यात हात बसलेला सर्जन लागतो आणि सहसा पूर्ण भूल द्यावी लागते. चिऱ्याचं ऑपरेशन अनेकदा पाठीत इंजेक्शन देऊन, कमरेखालचा भाग बधिर करूनही होतं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असलेल्यांच्या बाबतीत याचा विचार करावा लागतो.

आपत्कालीन शस्त्रक्रियांबाबतच्या २०२० च्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही दुर्बिणीला पहिली पसंती देतात, पण साधनं आणि अनुभव उपलब्ध असेल तिथेच. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच चिरा देऊन पूर्ण करावं लागलं, तर तो सर्जनचा पराभव नसतो. आत चिकटलेलं किंवा फुटलेलं अपेंडिक्स दिसल्यावर घेतलेला तो सुरक्षित निर्णय असतो.

नुसत्या औषधांवर भागतं का?

काही निवडक रुग्णांमध्ये भागतं. अमेरिकेत १,५५२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२०२०) अँटिबायोटिक्स घेतलेल्यांपैकी २९ टक्के लोकांना ९० दिवसांच्या आत ऑपरेशन करावंच लागलं. अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होतं. फिनलंडच्या अभ्यासात औषधांवर ठेवलेल्यांपैकी पाच वर्षांत सुमारे ३९ टक्क्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. म्हणून हा मार्ग पुन्हा लगेच रुग्णालयात पोहोचू शकणाऱ्यांसाठी ठीक, आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अपेंडिक्सभोवती गोळा झाला असेल तर अनेकदा डॉक्टर स्वतःच आधी औषधं देतात.

डॉक्टरांना काय विचारावं?

- अपेंडिक्स फुटलं आहे का, किंवा फुटण्याची भीती आहे का?
- तुम्ही कोणत्या पद्धतीची ऑपरेशन्स नेहमी करता?
- भूल कोणती आणि भूलतज्ज्ञ उपलब्ध आहेत का?
- दुसरीकडे जायचं असेल तर तेवढा वेळ हातात आहे का?
- काढलेलं अपेंडिक्स तपासणीला पाठवणार का?

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असल्याने, हे ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारावं. हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे.

थांबायचं किती?

साध्या, न फुटलेल्या अपेंडिक्समध्ये रुग्णालयात दाखल होऊन २४ तासांपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलणं सुरक्षित मानलं जातं. पण ही सवलत डॉक्टरांच्या नजरेखाली असलेल्या रुग्णाला आहे, घरी वाट पाहणाऱ्याला नाही. बेंबी सरकली म्हणून पोट चोळणं किंवा एरंडेल देणं इथे धोक्याचं आहे. असह्य दुखणं एकाएकी थांबून नंतर सगळं पोट दुखू लागलं, पोट कडक झालं किंवा ताप चढला, तर अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. अशा वेळी १०८ ला फोन करून ऑपरेशनची सोय असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय गाठावं. तिथे दुर्बीण आहे की नाही, हा तेव्हा दुय्यम प्रश्न असतो.