पाट तोच, मूर्ती नवी : डेक्कन क्वीनची डायनिंग कार

मुंबई-पुणे मार्गावरील डेक्कन क्वीनला जून २०२२ मध्ये एलएचबी, म्हणजे जर्मन आराखड्यावर बेतलेले पोलादी डबे मिळाले, तेव्हा तिची डायनिंग कारही बदलली आणि टेबलापाशी बसून खाण्याची सोय ३२ ऐवजी ४० प्रवाशांसाठी झाली. असा डबा असलेली ही देशातील पहिली गाडी, हा दावा मात्र टिकत नाही, कारण १९२८ मध्ये सुरू झालेल्या फ्रंटियर मेललाही भोजनाचा डबा होता. तिचे वैशिष्ट्य पहिलेपणात नसून टिकण्यात आहे. रोजच्या इतर गाड्यांत पँट्री कार, म्हणजे प्रवाशाला बसायला जागा नसलेले नुसते स्वयंपाकघर उरले असताना येथे आम्लेट-टोस्ट अजून टेबलावर येतो.

ही गाडी सुरू झाली त्या काळातील विजेचे एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. डायनिंग कारचे जतन वेगळ्या रीतीने, डबे बदलत पण प्रथा राखत झाले आहे. सिंधुदुर्गात घरचा पिढीजात पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, नेऊन देतात आणि त्यावर दरवर्षी नवी मूर्ती घडते, तसाच हा प्रकार.

१ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली, तेव्हा डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या होत्या, तर वरचे सांगाडे माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात घडले होते. गाडीच्या रंगांचे कौतुक अजून होते, त्या कारागिरांचे क्वचितच. चौकट आणि सांगाडा वेगळे असले की टकरीत एका डब्याची चौकट दुसऱ्यावर चढून त्याचा सांगाडा कापत जाते. १९६६ मध्ये चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यातून आलेल्या डब्यांत भिंती, छप्पर आणि तळ मिळून भार पेलत आणि टोके मजबूत असत, त्यामुळे हा धोका घटला. एलएचबीच्या घट्ट जोडणीने तो आणखी कमी केला.

चालत्या गाडीत चहा का सांडत नाही, याचे उत्तरही रचनेतच आहे. कपातील चहा सेकंदाला साधारण तीन-चार वेळा हिंदकळतो, तर मऊ स्प्रिंगांवरचा जड डबा सेकंदाला एक-दीड वेळाच वरखाली होतो, आणि दोन्ही लयी जुळत नसल्याने डबा चहाला झोके देत नाही. शिवाय लांबच लांब जोडलेल्या रुळांमुळे सांध्यांवरचे धक्केही कमी झाले आहेत. (कप काठोकाठ भरणाऱ्यास मात्र कोणतीही स्प्रिंग वाचवू शकत नाही.)

या टेबलांपाशी कोण बसले, हाही इतिहासच आहे, कारण या गाडीत तिसरा वर्ग १९५५ पर्यंत नव्हता. सर्वसामान्यांच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या, त्या राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ नंतर रेल्वेमंत्री असताना.

मालवणकराला कुडाळ किंवा कणकवलीहून मुंबई गाठायला बहुतेक गाड्यांनी लागणारा वेळ डेक्कन क्वीनच्या सव्वातीन तासांच्या दुपटीहून अधिक असतो, म्हणून डायनिंग कारची खरी गरज कोकण रेल्वेलाच आहे. परंतु डायनिंग कारच्या खुर्च्या आरक्षित करून विकल्या जात नाहीत, आणि डब्याचा हिशेब विकलेल्या जागांवरच होत राहिला, तर ती या मार्गावर येण्याची शक्यता फार थोडी आहे.